बारीचं तिकीट

बोरखडी हॉल्टवर रोज सव्वीस तिकिटं खपायची आणि गाडीत बहुतेक दिवस एकही माणूस चढायचा नाही. ही युक्ती माझी. सदतीस वर्षं मी शाळेत मास्तरकी केली, गैरहजर पोराला कधी हजर लावलं नाही, तपासणीला साहेब आले तरी नाही. आणि निवृत्त झाल्यावर, डोकं पांढरं झाल्यावर, अख्ख्या गावाला खोटी हजेरी लावायला शिकवली. का शिकवली ते आधी सांगतो.

लहानी ही आमची गाडी. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, पण गावात ते कोणी घेत नाही. तिचे रूळ इतके जवळजवळ की लहानपणी आम्ही एक पाय या रुळावर आणि दुसरा त्या रुळावर ठेवून उभे राहायचो. माझ्या आजोबांच्या काळात एका परदेशी कंपनीने वऱ्हाडातला कापूस नेण्यासाठी ती टाकली. पुढे कापूस ट्रकवर गेला, कंपनी गेली, गाडी तेवढी राहिली. फाटकावर माणूस ठेवणं परवडेना, तेव्हा गाडीतलाच एक जण फाटकाशी उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडायचा आणि धावत येऊन पुन्हा चढायचा. माझ्या वडिलांनी हे काम बावीस वर्षं केलं.

मग रूळ खराब झाले म्हणून गाडी बंद केली. आठ वर्षं रुळांत तरोटा वाढला. लोकांनी उपोषणं केली, अमरावतीला मोर्चे नेले, आणि शेवटी राज्य सरकारने मान्य केलं की पाच वर्षं गाडीची तूट सरकार भरून देईल. मात्र अट घातली. प्रत्येक हॉल्टवर रोज पंचवीस तरी प्रवासी हवेत. सलग तीन महिने कमी पडले की हॉल्ट बंद, आणि पुरेसे हॉल्ट बंद झाले की गाडी बंद.

पहिल्या वर्षी काय ती गर्दी! इंजिनाला हार, नारळ, पोरांचा धिंगाणा. दुसऱ्या वर्षी सगळे आपापल्या मोटारसायकलीवर. ऑटो अर्ध्या तासात वलगावच्या बाजारात सोडतो, लहानीला दीड तास लागतो. गाडी सगळ्यांना हवी होती, बसायचं कोणालाच नव्हतं. पण भादव्यात रस्ता पाण्याखाली गेला की बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला लहानीशिवाय दुसरं काही नसतं, हे बोरखडीला चांगलं ठाऊक होतं.

हॉल्ट म्हणजे काही स्टेशन नव्हे. हातभर फलाट, टिनाची खोली, तिला एक खिडकी. तिकिटं विकायचं काम रेल्वे गावातल्याच कोणाला तरी देते, ते मला दिलं होतं. आकडा पंधरावर आला, तेव्हा मी गाव बोलावलं आणि म्हणालो, देवळात दिवाबत्तीची घरोघर बारी असते, तशी तिकिटाची लावू. रोज एका आळीने पंचवीस तिकिटं आपसांत वाटून घ्यायची. बसा नाहीतर बसू नका. कोणी नंतर म्हणेल की अमक्याने बारी चुकवली, म्हणून प्रत्येक घराने आपली तिकिटं दाराशी तारेच्या आकड्यात टोचून ठेवायची. सव्वीसावं तिकीट रोज माझ्या घरचं, एखादं कमी पडलं तर असावं म्हणून. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मी स्वतःवर भलताच खूष होतो.

खूष नव्हती ती सिंधू, माझी बायको. रोज दहाला ती थर्मासमध्ये चहा घेऊन खिडकीशी यायची आणि जाताना ते सव्वीसावं तिकीट घरी नेऊन आकड्यात टोचायची.

"अवो, एवढी तिकिटं घेतली," ती म्हणायची, "एक दिवस मले बसू तर द्या."

"तुले काय करायचं हाय बसून?" मी म्हणायचो. "कुठं जायचं असलं तर सांग, मोटारसायकलवर नेऊन देतो."

ती हसायची आणि जायची. मला वाटायचं, विषय संपला.

त्या दिवशी पावसाचा तिसरा दिवस होता. खालच्या आळीची बारी होती. बाया डोक्यावर पोती घेऊन येत होत्या, तिकिटं पदरात बांधून परत पळत होत्या. मी मान खाली घालून तारखेचे शिक्के मारत होतो. सिंधू आली, तिने थर्मास ठेवला, तिकीट घेतलं आणि काहीतरी म्हणाली. टिनावर पावसाचा एवढा आवाज होता की धड ऐकू आलं नाही. मी "हं" म्हणालो. संसारात चाळीस वर्षं मी असे किती "हं" म्हटले असतील, त्याची गणती नाही.

लहानी दहा चाळीसला आली. पाऊस आडवा मारत होता म्हणून मी खिडकी लावून घेतली होती. शिट्टी ऐकू आली, डबे खडखडले, गाडी गेली. मी नेहमीप्रमाणे जंक्शनला फोन करून आकडा कळवला. बोरखडी, सव्वीस.

साडेअकराला मोतीरामचा फोन आला. मोतीराम लहानीचा गार्ड, माझा जुना विद्यार्थी. आवाज त्याचा वाटेना.

"गुर्जी, लेंडी नाल्यावर भराव खचला. मागचा डबा पान्यात आडवा झाला."

मी स्टुलावर बसलो.

"मानसं?"

"म्होरच्या डब्यातले अकरा काढले, समदे बरे हायेत. मागच्यात पानी शिरलं. बोट आली हाय, एक मॅडम आल्या हायेत तालुक्याहून. त्याईनं जंक्शनले इचारलं, तं जंक्शननं सांगतलं का बोरखडीचे सव्वीस हायेत. सव्वीस मानसं ढुंढून राह्यले गुर्जी. मी काय सांगू?"

बारी मोतीरामला ठाऊक होती. सगळ्या लाईनला ठाऊक होती. फक्त कागदाला ठाऊक नव्हती.

"मोत्या, तू गाडीत होता. आमच्याकडचं कोनी चढलं का?"

मागे पाण्याचा आवाज येत होता, कोणीतरी दोर ओढा म्हणून ओरडत होतं.

"पावसानं काई दिसत नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "एक छत्री चढल्यासारखी वाटली. काळी. मानूस नाई पाह्यलं मी. नसनही."

मी फोन ठेवला. छत्री. गावात कोणाकडे काळी छत्री नाही? मी बाहेर आलो तर सरपंच गजेंद्र भिजत उभा होता. त्याला कोणीतरी आधीच कळवलं होतं.

"गुर्जी, सांगून टाका का कोनीच नोहतं," तो म्हणाला. "गाडीले उशीर झाला, लोकं पावसानं वापस गेले, असं सांगा. सव्वीस मानसं सापडत नाईत म्हनल्यावर चौकशी लागन. बारी बाहेर आली का गाडी बंद. पोलीस तुमच्या दारात येईन, ते अलग."

"आणि कोनी चढलं असन तं?"

"दोन सालात कोनी चढलं?"

"आधी मोजतो," मी म्हणालो. "मोजल्याबिगर सांगत नाही."

"मोजा. पन लौकर."

आम्ही दोघे खालच्या आळीत घुसलो. गुडघाभर पाणी, चिखल, दारोदार तेच. मी दाराशी जायचो, आकड्यातली आजची तिकिटं मोजायचो, मग घरातली माणसं मोजायचो. चार तिकिटं, माणसं हजर. दोन तिकिटं, माणसं हजर. वर्गात हजेरी घेताना पोरं "हजर" म्हणायची, त्या आवाजाची मला कधी किंमत वाटली नव्हती. त्या दिवशी प्रत्येक चेहरा दारात दिसला की जिवात जीव यायचा, आणि पुढच्या दाराशी जाईस्तोवर पुन्हा जायचा. लोक विचारत होते, काय झालं गुर्जी. गजेंद्र म्हणत होता, काई नाई, काई नाई. त्याच्या तोंडाकडे पाहून कोणाचाच विश्वास बसत नव्हता.

पार्वताबाईच्या घरी दोन तिकिटं होती. त्या घरची तीन होती.

"पार्वताबाई, तिसरं कुठं?"

"कुलदीपपाशी असन," ती म्हणाली. कुलदीप तिचा थोरला. "तोच तं आला होता तिकीट घ्याले."

"कुलदीप कुठं हाय?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "दहाचा गेला तो. म्हने येतोच." मग तिला आमचे चेहरे वाचता आले. "काहून? गाडीले काई झालं का? गुर्जी, गाडीले काई झालं का, सांगा ना!"

"छत्री नेली का त्यानं?" मी विचारलं.

"नेली," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावरच बसली.

कुलदीपला मी चौथीपर्यंत शिकवलं होतं. तिकिटाच्या मागे आत्ता त्याचं नाव लिहिलंय आणि ते मीच लिहिलंय, असं काहीतरी वेड्यासारखं मनात येत राहिलं. गजेंद्र त्याला फोन लावत होता. लागत नव्हता. पार्वताबाई ओल्या लुगड्याचा पदर पिळत होती. आम्ही तसेच उभे राहिलो. दहा मिनिटं असतील, पंधरा असतील.

आणि कुलदीप आला. आळीच्या तोंडाशी, मोडकी छत्री काखेत, अंगभर चिखल. सोयाबीनच्या वावरात पाणी तुंबलं म्हणून बांध फोडायला गेला होता. मी काही न बोलता त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला. भिजून लगदा झालेलं तिकीट होतं. पार्वताबाईने उठून पोराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग रडायला लागली. मलाही रडू आलं. लाज कशाला वाटायची?

राहिलेली चार घरंही झाली. पंचवीस. पंचवीस तिकिटं, पंचवीस माणसं.

"झालं?" गजेंद्र म्हणाला.

"सव्वीसावं माह्या घरचं," मी म्हणालो. "ते दर रोजचंच."

येताना माझं घर लागलं होतं. बाहेरून कडी होती. सिंधू शेजारी गेली असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नाही, मी पाहिलं आणि पुढे गेलो. दुसऱ्यांच्या दारादाराशी थांबलो, स्वतःच्या दाराशी थांबलो नाही.

"अन् ते छत्रीचं?" मी म्हणालो.

"आडोशाले उभं असन कोनी. मोत्यानंच तं म्हतलं ना, नसनही." गजेंद्रने मॅडमचा नंबर लावून माझा फोन माझ्या हातात दिला. "सांगा आता. गाडी वाचली पायजे, गुर्जी."

साडेबारा वाजले होते. तालुक्याच्या मॅडमचा आवाज थकलेला होता.

"बोरखडीचे सव्वीस प्रवासी कुठे आहेत?"

"सगळे घरी आहेत," मी म्हणालो. "तिकिटं काढली होती, पण पावसामुळे कोणी चढलं नाही. मी स्वतः घरोघर जाऊन पाहिलं."

"पक्कं? कारण वरच्या वस्तीत माणसं छपरावर अडकली आहेत. तुम्ही नक्की सांगत असाल तर मी बोट तिकडे हलवते."

"पक्कं," मी म्हणालो.

जन्मात एवढं ठाम मी काही म्हटलं नव्हतं. गजेंद्रने माझ्या पाठीवर थाप मारली. मला एकदम भूक लागली, आणि मी घरी निघालो.

कडी तशीच होती. आत अंधार, चूल थंड. भाकरी दुरडीत झाकून ठेवलेली, वर वाटीत ठेचा. एकट्यापुरती. मी सिंधूला हाक मारली. मग शेजारी जाऊन विचारलं, शेजारीण म्हणाली, सकाळपासून दिसली नाही. मी फोन लावला. घंटी घरातच वाजली. देवळीत, चार्जिंगला लावलेला, तो एकटाच वाजत राहिला.

मी दाराशी आलो आणि आकड्याकडे पाहिलं. सगळ्यात वर कालचं तिकीट होतं.

मग खुंटीकडे पाहिलं. छत्री नव्हती.

तेव्हा मला ऐकू आलं. खरंच सांगतो, तीन तासांपूर्वी टिनावरच्या पावसात जे ऐकू आलं नव्हतं ते तेव्हा शब्दन्‌शब्द ऐकू आलं. "माणिकबाईचा पाय मुरगळला म्हनते, पाहून येते. आज आपल्या तिकिटानं जाते मी. चारच्या गाडीनं येते वापस." माणिकबाई तिची बहीण, लेंडी नाल्यापलीकडच्या गावात राहते. मी "हं" म्हणालो होतो.

फोन करताना बोटं नीट पडेनात. दोनदा चुकीचा लागला. तिसऱ्यांदा मॅडमनी उचलला.

"एक आहे," मी म्हणालो. "एक बाई आहे मागच्या डब्यात. बोट परत पाठवा. पाया पडतो, बोट परत पाठवा."

"कोण बोलतंय? बोरखडीच ना? तुम्ही आधी सव्वीस म्हणालात, मग कोणी नाही म्हणालात. आता एक?"

"एक. माझी बायको आहे. बाकीचे पंचवीस खोटे आहेत, मॅडम, दोन वर्षांपासून खोटे आहेत. हा एक खरा आहे."

मॅडम म्हणाल्या, "बोट वस्तीवर पोचली आहे. भरून परत यायला तास लागेल. तरी बघते."

कुलदीपने मला मोटारसायकलवर घेतलं. रस्ता बुडाला होता म्हणून आम्ही रुळांच्या कडेकडेने गेलो. वाटेत मी काय बडबडत होतो ते मला आठवत नाही, त्याने नंतर सांगितलं की मी हजेरी घेत होतो, त्याच्या चौथीच्या वर्गाची. पोचलो तेव्हा दोन वाजले असतील. मागचा डबा कुशीवर पडलेला, अर्धा पाण्यात, पाणी त्याच्या खिडक्यांतून आत जात होतं आणि बाहेर येत होतं. पलीकडे वावरांचा पत्ता नव्हता. जिथवर नजर जाईल तिथवर गढूळ पाणी, त्यात बाभळींचे शेंडे. मोतीराम माझ्याजवळ आला, माझ्याकडे पाहिलं आणि त्याने हातातली टॉर्च खाली टाकली.

"गुर्जी, मले वाटलं..." तो म्हणाला. मी त्याला गप्प केलं. वाटलं तर मलाही होतंच.

बोट तीन वाजता आली. पहिल्यांदा डब्यात पाहिलं. कोणी नव्हतं. मला काठावर धरून ठेवलं होतं. मग बोट बाभळींकडे वळली आणि पावसाच्या पडद्याआड गेली, आणि मी देवाला नव्हे, वडिलांना हाक मारत राहिलो. त्यांनी या लाईनवर बावीस वर्षं फाटकं लावली होती. मला एकच दार पाहायचं होतं, माझ्या घरचं, आणि तेवढंही मी पाहिलं नव्हतं.

पावणेचारला बोट आली, तेव्हा तिच्यात एक घोंगडं होतं आणि घोंगड्यात सिंधू होती. जिवंत. ओठ काळेनिळे, हात बाभळीच्या काट्यांनी फाटलेले. डबा कलला तेव्हा दारातून फेकली गेली आणि वाहत जाऊन झाडाला अडकली. चार तास त्या झाडावर होती.

जवळच्या शाळेत तिला खाटेवर निजवलं. चहा पाजला. मॅडम आल्या, गजेंद्र आला, मोतीराम दारात उभा राहिला. मी तिचे पाय चोळत होतो. वर पाहायची हिंमत होत नव्हती.

"बोट आली होती," सिंधू म्हणाली. आवाज बसलेला होता. "अगदी जवळ आली होती वो. मी वरडली, हात केला. मले वाटलं, पाह्यलं मले. अन् मंग ती वळून चालली गेली. काहून गेली असन?"

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. गजेंद्र भिंतीकडे पाहत होता.

"मी सांगितलं म्हणून गेली," मी म्हणालो. "कोनीच नाही चढलं, असं मी सांगितलं. मोजून सांगितलं."

तिला कळलं नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग तिने मूठ पुढे केली. काट्यांनी सुजलेली बोटं तिला उघडता येईनात, मी एकेक करून उघडली. आत तिकीट होतं. माझा तारखेचा शिक्का अजून वाचता येत होता.

"मी काई बिनतिकीट नोहती," सिंधू म्हणाली. "तिकीट होतं माह्यापाशी. मंग मले मोजलं कसं नाई?"